मामंजींना डोंगरावर नेले त्याची हकीकत

पेडणे,
मार्गशीर्ष वद्य नवमी

तीर्थस्वरूप बाबांच्या पायांशी रत्नाचा साष्टांग दंडवत. आईलाही तितकाच. (तिचा वेगळा लिहिला नाही म्हणून तिने रुसू नये, तिचे पत्र मागाहून येते आहे आणि त्यात भांडण आहे.)

आम्ही सगळे इकडे देवीच्या कृपेने सुखरूप आहोत. आपली प्रकृती कशी आहे हे विचारणार होते, पण आईने मागच्या पत्रात सगळे कळवले आहे. भूक उत्तम, दुपारची झोप उत्तम, रात्रीची त्याहून उत्तम, आवाज खणखणीत, आणि शाळेने निरोप समारंभात दिलेली शाल पांघरून आपण जे खिडकीशी बसलात ते फाटकापर्यंतसुद्धा जात नाही. गडहिंग्लजच्या निम्म्या पोरांना सामानगड चढायला शिकवणारा स्काउट मास्तर आता पेपरवाल्याला पेपर खिडकीतून आत टाकायला सांगतो, असे तिने लिहिले आहे. मी यावर एक अक्षर लिहिणार नाही. लेकीने बापाला शिकवू नये एवढे वळण तुम्हीच लावले आहे. हे पत्र केवळ आमच्याकडची हकीकत कळावी म्हणून आहे.

हकीकत मामंजींची. तुम्हाला माहीतच आहे, सासूबाई गेल्या वर्षीच्या श्रावणात गेल्या. तेव्हापासून मामंजी बाहेरच्या सोप्यावर आरामखुर्चीत बसून असत. बोलणे नाही, मासळीत चूक काढणे नाही (हे फारच वाईट लक्षण), वीज गेली तरी खात्याला शिव्या देणे नाही. जन्मभर वीज खात्यात खांब चढलेला माणूस घरात अंधार झाला तरी गप्प बसतो, म्हणजे काय ते समजा. पण सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच. आपल्याकडे गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, इकडे गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेले साकडे. पुढे एक माणूस मोठ्याने देवाला सांगतो, आणि मागचे सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. आमच्या गावात ते सांगायचा मान मामंजींचा. लग्न असो, विहीर खणायची असो, कुणाचा मुलगा बोटीवर नोकरीला जायचा असो, मामंजींनी, म्हणजे गावाच्या भिकाजींनी, गाऱ्हाणे घातल्याशिवाय कुणाला धीर येत नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांनी रोज घातले. त्या गेल्या आणि मामंजींनी ते बंद केले. देवस्थानची माणसे बोलवायला आली तेव्हा एवढेच म्हणाले, "देवाक सांगून कितें जालें?" देवाला सांगून काय झाले, म्हणजे. हल्ली त्यांचा एक पुतण्या गाऱ्हाणे घालतो, पण त्याला पुढची बस पकडायची असते आणि ते देवालाही कळते.

म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की शरीरात काही दोष नाही, पण असेच बसून राहिले तर पाय चालणे विसरतील आणि मग माणूस बाकीचेही विसरेल. त्या रात्री गौरेश जेवला नाही. (तुमचे जावई फारसे बोलत नाहीत, ताट सरकवतात, त्यावरून ओळखायचे.) मग मीच ठरवले की मामंजींना घराच्या मागच्या डोंगरावर न्यायचे. डोंगर म्हणजे तुमच्या हिशेबात टेकाडच. खाली काजूची झाडे, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, आणि अगदी माथ्यावर एका मोठ्या झाडाखाली राखणदाराचे स्थान. हा राखणदार (इकडे त्याला देवचार म्हणतात) रात्री हातात दांडा घेऊन गावाच्या हद्दीवरून फिरतो, आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. बाबा, लग्न होऊन इकडे आल्यावर मला जो देव सर्वांत आधी आवडला तो हा. बाकीचे देव बसलेले किंवा उभे, हा एकटाच चालणारा.

डोंगर चढायच्या आधी काय करावे याचे तुमचे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. नवे पायताण डोंगरावर नेऊ नये. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. पिशवी हलकी असावी. कोणत्या वाटेने जातो आणि कधी परततो ते घरच्या कुणाला तरी सांगून निघावे, आणि परतायची वेळ झाली की माथा हाताशी असला तरी मागे वळावे. हे सगळे नियम मी पाळले. त्यांचे काय झाले ते ऐका.

पायताणापासून सुरुवात करते. गौरेशने मामंजींसाठी कॅनव्हासचे बूट आणले. ते चार दिवस घालून मऊ करायला हवे होते, पण मामंजी खुर्चीतून उठायला तयार नाहीत, मग बूट मऊ व्हावेत कसे? तेव्हा गौरेशने ते स्वतः घालून तुयेच्या कारखान्यात पाळ्या केल्या. बूट मऊ झाले यात शंका नाही, पण तुमच्या जावयांचा पाय तुम्ही लग्नात धुतला आहे, तुम्हाला त्याचा आकार माहीत आहे. मामंजींच्या पायात ते होडीसारखे हलू लागले. पुढे कागद कोंबायचे ठरले. मी हाताला लागेल तो पेपर घेतला, तर मामंजींनी कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा हरकत घेतली. एका बुटात कोकणीची बाजू घेणारा पेपर आणि दुसऱ्यात मराठीची बाजू घेणारा, असे चालणार नाही म्हणे, एक पाय एकीकडे जाईल आणि दुसरा दुसरीकडे. (राज्य होऊन इतकी वर्षे झाली तरी आमच्याकडे हा वाद मिटलेला नाही. मामंजी स्वतः घरात कोकणी बोलतात, सही मराठीत करतात आणि दोन्ही बाजूंशी भांडतात, म्हणजे भांडत असत.) मला इतका आनंद झाला की मी दोन्ही बुटांत जुनी दिनदर्शिका कोंबली.

आता घरी सांगून जाण्याचा नियम. मी शेजारच्या शेवंतीमावशींना सांगितले की रविवारी सकाळी आम्ही राखणदाराच्या वाटेने वर जातो, सांजवेळेच्या आत परत येऊ, न आल्यास माणसे पाठवा. नियम असा आहे की एकाला सांगावे. तो नियम पेडणे महालात चालत नाही, कारण इकडे एकाला सांगणे असा प्रकारच नाही. शेवंतीमावशींनी आधी स्वतःच बरोबर यायचे ठरवले (मग न आल्यास माणसे कोण पाठवणार, हे मी विचारले नाही), आणि मग वाड्यावर घरोघर कळवले. शनिवारी संध्याकाळपासून लोक यायला लागले. कुणी राखणदाराकडे जात असेल तर प्रत्येक घराने आपला एक नारळ बरोबर द्यायचा, ही इथली रीत. एकाच्या म्हशीचे दूध आटलेले, एकीच्या सुनेला दिवस गेलेले, एकाचा मुलगा आखातातून पत्र पाठवीत नाही, प्रत्येकाचे एक सांगणे आणि त्याबरोबर एक नारळ. रात्री झोपताना सोप्यावर नारळांची रास झाली होती. तुमच्या हलक्या पिशवीच्या नियमाचे तिथेच बारा वाजले. गौरेशने कारखान्यातून आणलेल्या पोत्यात ते भरले आणि सकाळी पाठीवर घेतले तेव्हा तो मागून हमालासारखा दिसत होता आणि पुढूनही.

पाण्याची गोष्ट थोडक्यात सांगते. मी दोन बाटल्या घेतल्या होत्या. शेवंतीमावशींच्या मते चालताना पाणी प्यायले की पोटात कळ येते, सोलकढी प्यायली तर येत नाही, म्हणून त्यांनी माझे पाणी तुळशीला ओतून बाटल्यांत सोलकढी भरली. उन्हात आणि हिसक्यांनी पहिली बाटली काजूच्या बनातच फुटल्यासारखी उघडली आणि माझे पातळ गुलाबी झाले. खाण्यात माझ्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, मावशींचे पोदेराकडचे उंडे (म्हणजे बेकरीवाल्याचे पाव) आणि तळलेले बांगडे. बांगडे मामंजींसाठी, ते काही खातील या आशेने.

निघायला अर्थातच उशीर झाला. मामंजी नाही म्हणाले नाहीत आणि होयही म्हणाले नाहीत, सुनेने बूट पुढे ठेवले तेव्हा त्यात पाय घातले, एवढेच. पहिल्या चढावरच एका दगडावर बसले आणि म्हणाले, "हांव हांगाच बसतां, तुमी वचून येयात." मी इथेच बसतो, तुम्ही जाऊन या, असे. गौरेशचे तोंड पडले. मी म्हटले, ठीक आहे, आपण सगळेच इथे बसू. (पोर दमले की त्याला ओढू नये, त्याच्याबरोबर बसावे, हेही तुमचेच.) बसलो. वारा चांगला होता, वाळलेले गवत पिवळे झाले होते, धनेशाची एक जोडी खालच्या झाडावरून पंख फडफडवत गेली. बऱ्याच वेळाने मामंजी समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत म्हणाले की हा खांब वाकडा आहे. मी म्हटले, कुणी पुरला हो इतका वाकडा? तर म्हणाले, मीच, पावसात पुरला, बैल चिखलात बसला होता आणि वरचा साहेब छत्रीतून हुकूम सोडत होता. तो वाकडा खांब नीट बघायला ते उठले. त्याच्या पुढचाही त्यांचाच होता. मग त्याच्या पुढचा. बाबा, अशा रीतीने आम्ही निम्मा डोंगर वीज खात्याच्या जिवावर चढलो.

सड्यावर आल्यावर खांब संपले आणि वाटही संपली. सडा म्हणजे उन्हापावसाने काळा पडलेला नुसता दगड, त्यावर पायवाट उमटत नाही. गौरेश म्हणाला डावीकडे, मावशी म्हणाल्या उजवीकडे. वाट चुकल्यास थांबून शिट्टी वाजवावी, या नियमाप्रमाणे गौरेशने शिट्टी वाजवली. मदतीला कुणी आले नाही, पण कुठूनशी गुरे आली आणि आमच्याभोवती कोंडाळे करून उभी राहिली. मामंजींनी त्यांच्याकडे बघितले, आमच्याकडे बघितले, आणि काही न बोलता सरळ चालू लागले. आम्ही त्यांच्या मागे, गुरे आमच्या मागे. तेवढ्यात उंचवटा आला आणि पलीकडे सगळे एकदम उघडे झाले. एका अंगाला तेरेखोलची नदी, एका अंगाला मोरजीच्या बाजूचा समुद्र, मध्ये माडांची गर्दी, आणि त्यात कुठेतरी आमचे घर. मी तुम्हाला खरे सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे त्या माडांखाली राहून मला वाटायचे की मी परमुलखात आले. वरून बघितल्यावर ते सगळे माझे वाटले.

राखणदाराचे स्थान तिथून जवळच. झाडाच्या बुंध्याशी एक काळा पाषाण आणि सभोवती वाहिलेल्या वहाणांचे जोड. मावशींनी जागा झाडली, नारळ मांडले, विडा ठेवला, विडी ठेवली, आणि मग सगळे थांबले. सगळी तयारी झाली होती, आणि ज्याने बोलायचे तो माणूस पाठ करून समुद्राकडे बघत उभा होता. मावशींनी गौरेशकडे बघितले. गौरेश म्हणाला मला येत नाही. गावाने विश्वासाने दिलेले ते नारळ न सांगता नुसते फोडणे शक्य नव्हते, आणि परत नेणे तर त्याहून अशक्य. तेव्हा मी पदर खोचला, हात जोडले आणि सुरू केले. हे गडहिंग्लजच्या पोरीने करावे असे कुठेच लिहिलेले नाही. मी आधी आपल्या जोतिबाला हाक मारली (सवयीने), मग राखणदारा महाराजा म्हटले, आणि पुढे ओहोळापलीकडच्या गावच्या राखणदाराला हाक मारून त्याला सांगितले की बाबा, आमच्यावर नजर ठेव.

आता यात काय चुकले ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगते. प्रत्येक राखणदाराची हद्द ठरलेली, तो ओहोळ ओलांडत नाही. आणि त्या पलीकडच्या गावाशी आमच्या गावाचा, पालखीत पहिला मान कुणाचा यावरून, आजोबा-पणजोबांपासून वाद आहे. आमच्या डोंगरावर उभे राहून त्यांच्या राखणदाराला हाक मारणे म्हणजे आपल्या घरच्या पंगतीत शेजाऱ्याला यजमान म्हणण्यासारखे झाले. मावशींनी तोंडावर हात ठेवला. गौरेशने 'व्हय महाराजा' म्हणायला उघडलेले तोंड तसेच राहिले. आणि मामंजी वळले.

"थांब गो बाय," ते म्हणाले. "हद्द चुकली तुजी."

त्यांनी बूट काढले, पाषाणापुढे आले, आणि सुरू झाले. बाबा, मी तो आवाज वर्षभराहून अधिक काळ ऐकला नव्हता. देवीपासून सगळ्यांना मानाप्रमाणे एकेक हाक, चारी हद्दींची नावे, मग आमच्या राखणदाराला हाक. मग एकेका घराचे नाव घेऊन एकेक नारळ. म्हैस, सून, आखातातला मुलगा, काही विसरले नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यांना हे कुणी सांगितले नव्हते. शनिवारी खुर्चीत डोळे मिटून सगळे ऐकत होते तर. प्रत्येक वाक्याला आम्ही 'व्हय महाराजा' म्हणत होतो. शेवटी नारळ संपले. मला वाटले आता झाले. पण ते थांबले नाहीत, फक्त आवाज खाली आला.

"बा राखणदारा महाराजा, आमच्या घरातली जी गेली, तिची वाट तुज्याच हद्दीतल्यान गेली आसतली. तिका काळोखात वाट दाखयली आसशीत तर तुजे उपकार. दाखयची रवली आसात, तर आता दाखय."

'व्हय महाराजा' मला एकटीलाच म्हणावे लागले. गौरेश झाडाकडे तोंड करून उभा होता आणि मावशी उगाच विडा सारखा करत होत्या.

पुढचे सगळे आनंदाचे आहे. मामंजींनी बांगडे खाल्ले आणि मीठ कमी आहे असे सांगितले. मी मावशींना मिठीच मारणार होते. फोडलेल्या नारळांच्या कवडी (म्हणजे अर्धी भकले) सगळ्यांना परत वाटायच्या म्हणून पोते पुन्हा भरले, आणि परतायची वेळ केव्हाच टळून गेली होती, कारण उतरताना मामंजी प्रत्येक खांबाशी राहिलेली हकीकत पुरी करत होते. सांजवेळी घरी आलो तर वाड्यावरची माणसे बॅटऱ्या घेऊन आम्हाला शोधायला निघालेली. मामंजींनी त्यांना तिथेच एकेकाची कवड हातात दिली. टाचेला फोड आला होता, त्याला खोबरेल लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी दिसली तेव्हा मी तशीच फाटकाकडे धावले. ते वाकडा खांब सरळ करावा म्हणून खात्यात अर्ज द्यायला गेले होते. चालत.

असो. आपण सर्वांनी प्रकृतीस जपावे. पुष्कळ लिहिले, कमी जास्त पोटात घालावे.

आपली आज्ञाधारक लेक,
रत्ना

ता. क. हे पत्र मामंजींनी पेटीत टाकण्याआधी वाचले. त्यांचे म्हणणे, पहिल्या चढावर ते दमून बसले नव्हते, खांब बघायला बसले होते. तसे लिहावे असा हुकूम झाला, म्हणून लिहिते. शिवाय गाऱ्हाण्यात त्यांनी एक बोल दिला आहे तो मी वर गाळला. राखणदाराला सांगून बसले की आमचे व्याही कोल्हापूरकडचे, ते तुझ्यासाठी कापशीच्या वहाणांचा जोड घेऊन येतील. आम्ही सगळ्यांनी त्यावर 'व्हय महाराजा' म्हटलेले आहे, त्यामुळे आपल्याला न विचारता ही गोष्ट पक्की झाली. पोस्टाने पाठवलेला चालत नाही. जोड स्वतः वर आणून ठेवायचा असतो.

आणखी ता. क. (हे पाकीट परत उघडून लिहिते आहे, मामंजी बाहेर गेले आहेत.) ते गाऱ्हाणे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत येत होते, बाबा. शेवंतीमावशींकडून महिनाभर मासळी साफ करताना शिकले होते. कोणत्या गावाचे नाव घेतले म्हणजे मामंजींना गप्प राहवणार नाही, हेही मावशींनीच सांगितले. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे या पत्रातही काही डाव असणार. आहे.

शेवटचे ता. क. आम्ही आता दर रविवारी वर जातो. गौरेशची कधी पाळी असते, मावशींची कंबर धरते, मग मागे मी एकटीच. परवा मामंजी सांगता सांगता मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी भुरगीं आयकनासतना व्हय म्हणटात. व्हय म्हणपाक आयकणारो मनीस जाय." पोरे न ऐकताच होय म्हणतात, होय म्हणायला नीट ऐकून घेणारा माणूस हवा. त्यांच्या वयाचा, एवढे ते बोलले नाहीत, पण तुमच्या नावाने चहाचा एक कप त्यांनी काढून ठेवला आहे. बाबा, खिडकीतून उठा. या. तुम्हाला काही सांगायचे नाही, काही शिकवायचे नाही, फक्त माथ्यावर त्यांच्या मागे उभे राहायचे, ते काय म्हणतात ते ऐकायचे, आणि पटले तर म्हणायचे, होय महाराजा.